तांब्या नीट टेकला पाहिजे

निपाणीहून एका बाईंचा प्रश्न आला आहे. शाळेतली नोकरी संपल्यावर त्यांनी पुन्हा ब्रश हातात घेतला. तांब्याचा तांब्या, दोन लिंबं, एक संत्रं आणि खाली गुळेदगुड्डचा खण अशी मांडणी करून त्यांनी तैलरंगात स्थिरचित्र केलं. त्या लिहितात : ‘सगळे उबदार रंग वापरले. रेखाटन बरं जमलंय असं घरचे म्हणतात. पण चित्रासमोर दोन मिनिटं बसावंसं वाटत नाही. जुन्या चित्रकारांच्या साध्या भांड्याकुंड्यांच्या चित्रांत ऊब असते, विसावा असतो. तो येतो कुठून?’ सोबत चित्राचा एक आणि मांडणीचा एक असे दोन फोटो आहेत.

बाई, मी बेळगावच्या शहापुरात तीस-बत्तीस वर्षं चित्रकलेचा वर्ग घेतोय. लोअर-हायर ग्रेडच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांपासून निवृत्त बँकवाल्यांपर्यंत हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, आणि दर वेळी माझं उत्तर लांबतं. आजही लांबेल. चहा घेऊन बसा.

आधी तुमच्या तांब्याचं बूड बघू. तोंडाशी तुम्ही चांगलं रुंद लंबवर्तुळ काढलंय आणि बुडाशी जवळजवळ सरळ रेघ ओढलीय. टेबल सपाट, म्हणून भांड्याचं बूडही सपाट, हा हिशेब शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेला असतो. डोळ्याला दिसतं ते उलट. तोंड डोळ्यांच्या पातळीला जवळ, म्हणून ते चपटं दिसतं. बूड पातळीच्या बरंच खाली, म्हणून त्याचं वर्तुळ जास्त उघडतं. म्हणजे बुडाची कमान तोंडापेक्षा जास्त वाकली पाहिजे. काचेचा ग्लास डोळ्यांसमोर धरून हळूहळू खाली न्या, लगेच कळेल. तुमच्या चित्रात तांब्याचं तोंड उभं राहून पाहिलंय आणि बूड जमिनीवर गाल ठेवून पाहिलंय. बघणाऱ्याला यातलं काही सांगता येणार नाही, पण भांडं डुगडुगतंय एवढं त्याच्या अंगाला कळतं. तो पुढच्या चित्राकडे सरकतो.

मग सावली. तांब्याच्या उजवीकडे तुम्ही एक करडी सावली पसरलीय, इथून तिथून सारखीच गडद. खऱ्या तांब्याजवळ वाकून बघा. बूड जिथं कापडाला लागतं तिथं केसाएवढी एक रेघ असते, अगदी काळोखी, कारण तिथं कुठल्याच बाजूनं उजेड शिरत नाही. तिथून दोन बोटं बाहेर आलं की सावली सैल पडते, पातळ होते, तिची कड विरत जाते. ती रेघ चित्रात नसली तर भांडं कापडावर चिकटवल्यासारखं दिसतं. त्यासाठी ट्यूबमधला काळा घेऊ नका. बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत थोडा अल्ट्रामरीन निळा मिसळा आणि बारीक ब्रशनं एकदाच ओढा, घोटत बसू नका. कापडही तिथं किंचित दबलेलं दाखवा. तांब्यात अर्धं पाणी आहे असं समजा. ते वजन कापडाला कळलं पाहिजे.

आपल्याकडे उन्हातून आलेला माणूस ‘जरा टेकतो’ म्हणतो. पाठ भिंतीला टेकते, बूड उंबऱ्यावर टेकतं, मग पाणी, मग बोलणं. विश्रांती हा पत्रिकेतला शब्द झाला, टेकणं हा अंगाचा. तुमच्या विसाव्याच्या प्रश्नाला माझ्यापाशी जे उत्तर आहे ते बरंचसं या एका क्रियापदात आहे. चित्रातल्या वस्तू टेकल्या की बघणारा टेकतो. वस्तू अधांतरी असतील तर तुम्ही कितीही शेंदरी ओता, तो उभाच राहणार.

म्हणून कुठून बघायचं हेही आधी ठरवा. मांडणीच्या फोटोवरून दिसतं की तुम्ही टेबलाशी उभं राहून रंगवलंय. उभ्या माणसाला भांडी वरून दिसतात, आणि वरून बघणारा माणूस एक तर भांडी उचलायला आलेला असतो किंवा मोजायला. खुर्ची घ्या. नाहीतर सरळ पाटावर बसा आणि वस्तू चौरंगावर ठेवा. डोळे तांब्याच्या तोंडाच्या थोडेसेच वर राहू देत. बसलेल्या माणसानं पाहिलेलं चित्र बघणाऱ्यालाही खाली बसवतं. वर्गात मी हे किती वेळा बोललो असेन, तरी पोरं उभी राहूनच काढतात, कारण मागच्या रांगेतून दिसत नाही म्हणे.

आता एक चित्र जवळून बघू. शार्दँ हा पॅरिसच्या एका सुताराचा मुलगा, १६९९ ते १७७९ हा त्याचा काळ. त्याचं १७६१ च्या आसपासचं एक छोटं चित्र अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात आहे. मी ते छापीलच पाहिलंय, पण शेकडो वेळा. एक दगडी कट्टा. त्यावर पाण्यानं भरलेला काचेचा पेला, शेजारी काळपट तपकिरी कॉफीची किटली आणि पुढे लसणाचे तीन गड्डे आणि पाल्याची एक बारीक डहाळी. संपलं. राजाच्या पदरी असलेल्या, अकादमीत मान असलेल्या माणसानं लसूण काढलाय, तोही सोललेला नाही. भडक लाल किंवा पिवळा औषधालाही सापडत नाही. मागची भिंत म्हणजे नुसता तपकिरी-करडा धूसरपणा. तरी बघताना वाटतं, कुणीतरी आत्ताच पाणी पिऊन पेला ठेवलाय आणि पदराला हात पुसत आत गेलंय. पेला वर रुंद, खाली निमुळता. किटली खाली रुंद, वर निमुळती. दोघांच्या उतरत्या बाजू एकमेकींच्या कलानं घेतात, आणि दोघांच्या मधली जागा शांत बसून राहते. वजन तळाशी गेलंय. पेला हलका आहे, पण पाण्यानं त्याला जागेवर धरलंय. गड्डे कसेही पडलेत, फक्त गडगडून जाणार नाहीत एवढी खात्री वाटते.

याच्या शेजारी तुमच्यासारखीच फळं असलेलं दुसरं चित्र ठेवतो. झुर्बारान या स्पॅनिश चित्रकाराचं १६३३ चं. पासाडेनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. ताटलीत लिंबं, मधे टोपलीत संत्री, त्यांवर फुलांची डहाळी, उजवीकडे ताटलीत पाण्याचा पेला आणि गुलाब. मागं काळाकुट्ट अंधार. तिन्ही एका रांगेत, एकमेकांना न शिवता. रंग बघाल तर शार्दँपेक्षा कितीतरी उबदार, आणि शांतता एवढी की आपण आवाज खाली आणतो. पण ती देवघरातली शांतता आहे. तिथलं लिंबू उचलून सरबत करायची माझी छाती नाही. त्या चित्रापुढे मी हात जोडून उभा राहतो, शार्दँच्या चित्रापुढे मांडी घालून बसतो. तुम्ही विचारताय ते दुसरं.

तुमची मांडणी मात्र देवघरही नाही आणि स्वयंपाकघरही नाही. रागावू नका, ती रुखवताची मांडणी आहे. रुखवतात सगळ्या वस्तू पाहुण्यांकडे तोंड करून असतात, कुणी कुणाला झाकायचं नाही, सगळ्यात भारी कापड खाली. तिथं ते बरोबरच असतं, कारण मुलीकडच्यांना दाखवायचंच असतं. चित्रात विसावा हवा असेल तर दुपारी जेवणं उरकून झाकपाक झाल्यानंतरचा ओटा आठवा. तीनच्या सुमाराचा. तांब्या थोडा भिंतीकडे सरकलेला, एक लिंबू त्याच्या मागे अर्धं गेलेलं, दुसरं कापलेलं आणि अर्धंच वापरलेलं. त्या ओट्यावर कोणतीच वस्तू पाहुण्यांची वाट बघत नसते. मी वर्गात पोरांना मांडणी करू देत नाही, घरी जाऊन शोधून आणायला सांगतो. मोबाईलवर फोटो काढून आणा म्हणतो, हलवू नका. वस्तू विषम संख्येत घ्याव्यात असा एक नियम सगळीकडे सांगतात. मी तो पाळत नाही. चारसुद्धा छान बसतात, दोन एकमेकींच्या कुशीत असतील तर.

खणाचं काय करायचं? गुळेदगुड्डचा खण मला स्वतःला फार आवडतो, आईच्या चोळ्या त्याच्याच असायच्या. पण त्याची बारीक नक्षी आणि काठाचा कडक रंग डोळ्याला एका जागी ठरू देत नाहीत. शिवाय नवा आहे, घडीच्या रेघा अजून तशाच दिसतात. दोन उपाय आहेत. एक, खण उलटा पसरा. उलट्या बाजूला तोच रंग असतो, पण नक्षी बोलायची थांबते. दुसरा, त्याऐवजी धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं घ्या, चित्रभर न पसरता एका बाजूला नुसतं सोडलेलं. चित्राचा तिसरा हिस्सा तरी रिकामा राहू द्या. तुमच्या चित्रात बोट ठेवायला मोकळी जागा नाही.

आता उबेकडे येतो. तुम्ही लिहिलंय, ‘सगळे उबदार रंग वापरले.’ माझ्या मते ऊब गेली ती तिथंच. मागं नारिंगी, खाली तांबडा, वर पिवळा, मधे तांब्या. सगळेच गरम असतील तर गरम कशापेक्षा म्हणायचं? थंडीत रजईत पाय सरकवताना बरं वाटतं कारण नाक गार असतं.

ही गोष्ट रंगाऱ्यांना चित्रकारांपेक्षा आधी कळली असावी. पॅरिसच्या गोबलँ या सरकारी गालिचा-कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर काळ्यात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या सुतामुळे तो तसा दिसत होता. त्यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला, आणि वयाची १०२ वर्षं जगले. आमच्या शहापूर-वडगावच्या विणकराला हे ग्रंथाशिवाय ठाऊक आहे. एकच तांबडा बाणा म्हणजे आडवं सूत हिरव्या ताण्यावर, म्हणजे उभ्या सुतावर टाका आणि पिवळ्या ताण्यावर टाका, दोन वेगळी लुगडी निघतात.

पुन्हा शार्दँकडे. त्यानं १७६१ मध्येच रानटी स्ट्रॉबेरीची एक टोपली काढली. लाल फळांचा डोंगरासारखा ढीग. हे चित्र २०२२ मध्ये लिलावात २.४ कोटी युरोंच्या वर गेलं, मग फ्रान्सनं ते देशाबाहेर जाऊ दिलं नाही आणि २०२४ मध्ये लूव्र संग्रहालयानं ठेवून घेतलं. त्या लाल ढिगाच्या शेजारी काय आहे बघा : पाण्याचा गार पेला आणि दोन पांढरी फुलं. त्या पांढऱ्यावर बोट ठेवून झाका, ढीग लगेच साधा, मातकट लाल होतो. बोट काढा, परत पेटतो. वर्गात मी हा खेळ छापील चित्रावर दर वर्षी करतो आणि दर वर्षी मागून कुणीतरी ‘आईशप्पथ’ म्हणतं.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा : मागची नारिंगी भिंत काढून टाका. बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी आणि अल्ट्रामरीन मिसळून पांढऱ्यानं फिका केलेला करडा घ्या, निळ्याकडे थोडा झुकलेला. आपल्याकडच्या जुन्या चुन्याच्या भिंतीला पावसाळ्यात जी कळा येते, साधारण तो. आधी कॅनव्हासच्या तुकड्यावर करड्याचे चार ठिपके करा आणि मधे तांब्याचा रंग लावा. करडा जितका गार, तितका तांब्या उबेला येतो. एका टप्प्यापलीकडे मात्र करडा स्वतःच निळा म्हणून पुढे येतो. तिथून एक पायरी मागे या.

उजेडाचंही तसंच. मांडणीच्या फोटोत तांब्याला दोन सावल्या आहेत. एक खिडकीची, एक वरच्या ट्यूबलाइटची. दोन सावल्यांची वस्तू कधीच टेकत नाही, तिला दोन्हीकडून कुणीतरी ओढतंय असं वाटतं. एकच उजेड ठेवा. खिडकीचा घेतलात तर आभाळाचा उजेड गार असतो, म्हणून उजळ बाजू किंचित निळसर आणि सावल्या उबदार तपकिरी. दिव्याचा घेतलात तर उलटं, उजळ बाजू पिवळसर आणि सावल्या गार. दोन्ही चालतं, एका चित्रात मिसळलं की फसतं. दिवा घ्यायचा तर खोक्यावर २७०० के लिहिलेला पिवळा बल्ब आणा. ६५०० केचा पांढरा एलईडी बल्ब तांब्याला मेलेला करतो. मला विचाराल तर खिडकीच बरी, उत्तरेची. आणि आपल्या भागात जून ते सप्टेंबर एवढा ढगाळ, मऊ, तासन् तास न बदलणारा उजेड फुकट मिळतो की. लोक पावसाला कंटाळतात, मी माझी स्थिरचित्रं त्याच दिवसांत उरकतो.

तांब्याची एक गोष्ट सांगतो. विशीत असताना मी घरचा तांब्या काढला होता. आदल्या दिवशी चिंच-मीठ लावून असा घासला होता की तोंड दिसेल. चित्र झाल्यावर आईला दाखवलं. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘कुणाचा रे हा? आपल्या तांब्याला पोचा आहे.’ पोचा होता, मी तो भिंतीकडे फिरवून ठेवला होता. वर चकाकी दाखवायला पांढऱ्या रंगाचे तीन ठिपके दिले होते, बटणांसारखे. ते चित्र नंतर माळ्यावर गेलं.

तुमच्या तांब्यालाही शुद्ध पांढरे ठिपके आहेत. इथं एक बारकी गोष्ट आहे, ती कळली की धातू सुधारतो. लिंबू, चिनी मातीचा कप, प्लॅस्टिकची बादली यांच्यावरची चमक उजेडाच्या रंगाची असते, खिडकीची असेल तर पांढरीच. तांबं आणि पितळ मात्र परत येणाऱ्या उजेडालाही आपला रंग लावून पाठवतात. म्हणून तांब्यावरची चमक फिक्या गुलाबी-शेंदरीकडे झुकते, पितळेवरची फिक्या पिवळ्याकडे. पांढऱ्यात किंचित शेंदरी आणि पिवळी माती मिसळा. शुद्ध पांढरा दिला तर तांब्यावर तांबडं एनॅमल मारल्यासारखं दिसतं. ठिपकाही एकच पुरे, आणि तो तोंडाच्या काठावर घ्या, पोटावर नको. आठ दिवस तांब्या घासू नका. थोडा काळवंडू द्या, बोटांचे डाग पडू द्या. रोजच्या हाताळणीची ती खूण तुम्हाला शार्दँच्या किटलीवरही दिसते.

फळांबद्दल थोडं. मी शिकत होतो तेव्हा आमच्या वर्गात गोकाकच्या लाकडी फळांची टोपली होती. खरी फळं आणली की संध्याकाळपर्यंत कमी होत जायची, म्हणून सरांनी ती आणून ठेवली होती. केळं, पेरू, आंबा, वांगंसुद्धा, रंग असे की लांबून फसावं. आम्ही दोन वर्षं तीच काढली आणि आमची सगळी फळं दगडासारखी व्हायची. कारण मला बऱ्याच वर्षांनी उमगलं. लाकडावर उजेड पडतो आणि तिथूनच परततो. खऱ्या संत्र्यात, द्राक्षात, लिंबाच्या सालीत तो थोडा आत शिरतो, आतल्या आत पसरतो आणि सावलीच्या कडेला रंगीत होऊन बाहेर येतो. म्हणून खऱ्या संत्र्याची उजेड-सावलीची सीमा करडी नसते, तिथं नारिंगी सगळ्यात पेटलेला असतो. तुम्ही तिथं तपकिरी लावलाय. लिंबू अर्धं कापून खिडकीकडे धरा, फोडीतून उजेड झिरपतो तो बघा. गोकाकची कारागिरी मोठीच आहे, पण ती खेळणं म्हणून काढावी. फळाच्या जागी बसवली की फळही जातं आणि खेळणंही.

हीच झिरप माणसाच्या बोटांत बघायची असेल तर म्हैसूरला जगन्मोहन राजवाड्यात सावळाराम हळदणकरांची समईवाली बाई आहे. आपल्याकडच्या शाळांच्या सहली तिथं जातातच, पुष्कळांनी पाहिलेली असते, आणि निम्मे लोक ती राजा रविवर्म्याची समजतात. हळदणकर सावंतवाडीचे, म्हणजे घाट उतरला की आलेच. स्थिरचित्र नव्हे ते, पण धडा तोच. जलरंगातलं काम, मुलीला समोर उभं करून केलेलं. ज्योतीपुढे धरलेल्या हाताच्या बोटांतून लालसर उजेड बाहेर येतो. बाकी सगळा कागद अंधारात, म्हणून एवढीशी बोटं उबेला आली.

रंगांच्या ट्यूबा किती घ्यायच्या, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. कमी. पिवळी माती म्हणजे यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, पांढरा, आणि लिंबासाठी एक पिवळा. संत्र्यापुरता थोडा शेंदरी. बर्न्ट सिएना मोठी ट्यूब घ्या, तीच संपते. या रंगाचं मला लहानपणापासून कौतुक आहे. पिवळसर माती भट्टीत तापवली की तिच्यातल्या लोहाशी जोडलेलं पाणी निघून जातं आणि ती तांबडी होते. बर्न्ट म्हणजे खरोखरच भाजलेली. खानापूरला कुंभारकामाची मोठी परंपरा आहे, केंद्र सरकारची ग्रामीण कुंभारकाम संस्थाही तिथंच. तिथं भट्टीत गेलेला फिका घडा बाहेर येताना ज्या रंगाचा होतो, तो साधारण हाच. त्यामुळे तांब्याच्या शेजारी पाण्याची घागर नाहीतर मातीचा परळ ठेवायचा असेल तर जरूर ठेवा. रंग मिसळायचं कामच उरत नाही, आणि तांब्याला नातेवाईक मिळतो.

कडांचं सांगून संपवतो. तुमच्या चित्रात प्रत्येक वस्तू कात्रीनं कापल्यासारखी आहे. दोन-तीन ठिकाणी कड हरवू द्या. तांब्याची सावलीतली बाजू आणि मागची भिंत यांचा गडदपणा सारखा करा आणि ओल्या रंगावरून कोरडा ब्रश एकदा फिरवा. इटलीतल्या बोलोन्या गावी मोरांदी नावाचा चित्रकार होता, १८९० ते १९६४. लग्न केलं नाही, तीन बहिणींसोबत एकाच घरात राहिला आणि आयुष्यभर त्याच त्या बाटल्या, डबे, पेले काढत राहिला. काही बाटल्यांना त्यानं बाहेरून-आतून रंग फासला, म्हणजे चकाकी नको. वर धूळ साचू दिली. त्याच्या कडा किंचित थरथरतात आणि शेजारच्या दोन वस्तूंमध्ये काळ्या-पांढऱ्याचा फरक इतका थोडा असतो की डोळे बारीक केले तर त्या एक होतात. शांतपणाचा एवढा मोठा अभ्यास दुसऱ्या कुणी केला नसेल. पण खरं सांगू? मला त्याच्या चित्रांत विसावा मिळतो, ऊब दर वेळी मिळत नाही. ते घर नीटनेटकं आहे आणि तिथं बोलायचं नसतं. माझ्या ओळखीचे दोन चांगले चित्रकार याच्या बरोब्बर उलट बोलतात, तेव्हा तुम्हीही छापील चित्रं मिळवून स्वतः बघा.

जुन्या चित्रावर रंग चढवू नका, ते तसंच राहू द्या. नवा कॅनव्हास घ्या, एक फुटाच्या आतला. पहिल्या बैठकीत नुसत्या बर्न्ट अंबरनं उजेड-सावली लावा आणि तांब्या टेकला का तेवढं बघा. टेकला नसेल तर रंगाच्या ट्यूबा उघडूच नका, बूड पुसून परत काढा. कापलेलं लिंबू तासाभरात सुकतं, म्हणून ते आधी रंगवा आणि लगेच पाण्यात पिळून प्या. फोटो पाठवाल तेव्हा चित्र बाहेर सावलीत ठेवा, फ्लॅश बंद करा आणि शेजारी कोरा पांढरा कागद धरा. या वेळच्या फोटोत मोबाईलनं सगळंच पिवळं केलंय, त्यामुळे तुमची भिंत मी म्हणतो तेवढी नारिंगी नसेलही.